कॉर्सचा एरर आला की आधी बघा, उत्तर दिलं कोणी

ब्राउजरच्या कन्सोलमध्ये ती लांबलचक लाल ओळ येते, अमुक ओरिजिनवरून (म्हणजे तुमचं पान जिथून आलं तिथून) तमुक पत्त्यावर केलेलं फेच, म्हणजे जावास्क्रिप्टची रिक्वेस्ट, 'ब्लॉक्ड बाय कॉर्स पॉलिसी' (कॉर्स म्हणजे क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग, एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायची पद्धत), आणि बरेच जण ती अर्धीच वाचतात, सर्चमध्ये टाकतात आणि पहिलं जे उत्तर मिळेल, म्हणजे सर्व्हरवर स्टार (सगळ्यांना परवानगी देणारं * चिन्ह) लावा, ते करून मोकळे होतात. कधी चालून जातं. नाही चाललं की मग हेडरवर हेडर (रिक्वेस्ट आणि उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) चढवणं सुरू होतं आणि दोन दिवसांनी कोणालाच आठवत नाही की मुळात काय बिघडलं होतं. मी रोज फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन्हीकडे हात घालतो, टीममध्ये कोणाचं कॉर्सवर घोडं अडलं की बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, तर जे त्यांना शेजारी बसवून सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कॉर्समध्ये ब्राउजर जे अडवतो ते बहुतेक वेळा उत्तर असतं. तुमच्या पेजमधली जावास्क्रिप्ट दुसऱ्या ओरिजिनला रिक्वेस्ट करते, ब्राउजर ती पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि मग ब्राउजर त्या उत्तरात बघतो की या ओरिजिनला हे वाचायची परवानगी आहे असं सर्व्हरने लिहिलंय का. लिहिलेलं असेल तर उत्तर तुमच्या कोडच्या हातात, नसेल तर ब्राउजर ते स्वतःकडेच ठेवतो आणि तुम्हाला फक्त 'फेल्ड टू फेच' मिळतं. म्हणजे परवानगी देणारा सर्व्हर, पाळणारा ब्राउजर, आणि फ्रंटएंडच्या कोडमध्ये कितीही हेडर घातले तरी ही परवानगी स्वतःची स्वतःला देता येत नाही. फेचच्या हेडर्समध्ये ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन घातलेला कोड मी इतक्या वेळा बघितलाय! तो हेडर उत्तरात यायचा असतो, रिक्वेस्टमध्ये घातला तर उपयोग शून्य, उलट त्याच्यामुळे एक जास्तीची प्रीफ्लाइट (आधी परवानगी विचारणारी रिक्वेस्ट, खाली सांगतो) मागे लागते.

ओरिजिन म्हणजे तीन गोष्टी, स्कीम, होस्ट आणि पोर्ट. तिन्ही तंतोतंत जुळले तरच सेम ओरिजिन. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस वेगळे, लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८००० वेगळे, आणि लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हे सुद्धा वेगळे, मशीन एकच असलं तरी. पाथचा यात काही संबंध नाही. हा सेम ओरिजिनचा नियम १९९५ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटर २ मध्ये जावास्क्रिप्टपाठोपाठ आला, आणि कारण साधं आहे, तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत लॉगिन असाल तर दुसऱ्या टॅबमधल्या कुठल्याही साइटने तुमच्या कुकीच्या जोरावर बँकेचं पान वाचू नये. कॉर्स म्हणजे या नियमाला सर्व्हरने स्वतःहून दिलेली सूट. त्यामुळे कॉर्सवर चिडण्यात अर्थ नाही, तो नसता तर दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचताच आलं नसतं.

यावरून अजून एका वाक्याचा उलगडा होतो, 'पण पोस्टमनमध्ये तर चालतंय'. चालणारच, कारण पोस्टमन किंवा कर्ल ही थेट रिक्वेस्ट पाठवून एपीआय (सर्व्हरचे प्रोग्रामसाठीचे पत्ते) तपासायची टूल्स आहेत, ब्राउजर नाहीत, ते कोणाच्या परवानगीची चिठ्ठी बघत नाहीत. पोस्टमनमध्ये चालतंय याचा अर्थ इतकाच की एपीआय जिवंत आहे.

उत्तर नेमकं दिलं कोणी

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो, आणि निम्मा वेळ इथेच वाचतो. तुम्ही म्हणता 'सर्व्हर', पण ब्राउजर आणि तुमच्या ॲपच्या मध्ये किती जण उभे असतात बघा: सीडीएन (उत्तरं साठवून जवळून देणारे सर्व्हर), लोड बॅलन्सर, एन्जिनएक्स (ॲपच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर), एपीआय गेटवे, मग कुठे तुमचं ॲप, म्हणजे एक्सप्रेस किंवा जँगो किंवा स्प्रिंग यातल्या फ्रेमवर्कवरचं. कॉर्सचे हेडर तुम्ही ॲपमध्ये लावलेत, पण उत्तर जर मधल्यानेच देऊन टाकलं तर त्याच्यावर तुमचे हेडर येणार कुठून? आणि ब्राउजरला दिसतं फक्त इतकंच की परवानगी नाही, म्हणून तो इमानदारीत कॉर्स एरर दाखवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आमच्याकडे फोटो अपलोडचं एक पान होतं, छोटा फोटो व्यवस्थित जायचा आणि फोनच्या कॅमेऱ्यातला ताजा फोटो टाकला की कॉर्स एरर. तेच पान, तोच एपीआय, तीच मेथड. आम्ही दोन दिवस अलाऊ-हेडर्समध्ये (कुठले हेडर चालतील ते सांगणारा कॉर्सचा हेडर) काय काय वाढवत होतो, मल्टिपार्टमुळे (फाइल पाठवायच्या फॉर्मॅटमुळे) असेल म्हणून तेही बदलून बघितलं. मग मी नेटवर्क टॅबमध्ये त्या लाल ओळीवर नीट क्लिक केलं तेव्हा स्टेटस दिसला ४१३, आणि ॲपच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नाही. एन्जिनएक्समध्ये बॉडीची मर्यादा काही न सांगता १ एमबी असते, आमची आम्ही वाढवलीच नव्हती, त्यामुळे मोठा फोटो दारातूनच परत जात होता आणि त्या ४१३ च्या पानावर कॉर्सचा हेडर कोण लावणार. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइजची एक ओळ टाकली आणि विषय संपला. कॉर्सच्या कोडला हात पण लावावा लागला नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. डेव्हटूल्स (ब्राउजरमधली डेव्हलपरसाठीची टूल्स) उघडा, नेटवर्क टॅब, पान परत लोड करा, आणि बिघडलेल्या रिक्वेस्टचा स्टेटस बघा. क्रोममध्ये कन्सोलच्या कॉर्सच्या ओळीखाली अजून एक ओळ असते, 'नेट एरर फेल्ड' आणि त्याच्यापुढे आकडा, तो आकडा महत्त्वाचा. फायरफॉक्स तर कॉर्सच्या मेसेजमध्येच कारण आणि स्टेटस कोड दोन्ही सांगतो, म्हणून अडकलो की मी मुद्दाम एकदा फायरफॉक्समध्ये उघडून बघतो. आकडा ५०२ किंवा ५०४ असेल तर तुमचं ॲप पडलंय किंवा वेळेत उत्तर देत नाहीये. ५०० असेल तर ॲपमध्ये एक्सेप्शन आलंय आणि फ्रेमवर्कच्या एररच्या वाटेने जाताना कॉर्सचे हेडर गळून पडलेत. ४०४ असेल तर पत्ता तपासा. हे सगळे एरर कन्सोलमध्ये कॉर्सचा मुखवटा घालून येतात, आतलं मूळ दुखणं वेगळंच. आकडा २०० असेल आणि तरी कॉर्स म्हणत असेल तरच हेडरच्या मागे लागा.

आणि सोबत ॲपचा लॉग उघडा ठेवा. रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोचली का नाही हे कळलं की पाणी कुठे मुरतंय ते अर्ध्या मिनिटात समजतं.

एन्जिनएक्सवाल्यांसाठी इथेच सांगून टाकतो. तुम्ही ॲड-हेडर वापरून कॉर्स तिथे लावला असेल तर तो २००, २०४, ३०१, ३०२ अशा ठरावीक स्टेटसवरच लागतो, ४०० किंवा ५०० च्या उत्तरांवर लागत नाही. शेवटी ऑलवेज हा शब्द लिहा म्हणजे सगळ्यांवर लागेल. दुसरं, सर्व्हर ब्लॉकमध्ये हेडर लावलेत आणि आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये दुसरा कुठला तरी ॲड-हेडर लिहिलात, अगदी कॅशेचा का असेना, की बाहेरचे सगळे हेडर त्या लोकेशनसाठी गायब होतात, वारसा मिळत नाही. काल चालत होतं आज का नाही, याचं उत्तर बऱ्याचदा हेच निघतं.

प्रीफ्लाइट

वर म्हटलं की ब्राउजर रिक्वेस्ट पाठवतो आणि उत्तर अडवतो. पण काही रिक्वेस्ट अशा असतात की त्या पाठवायच्या आधीच ब्राउजर सर्व्हरला विचारून घेतो, ऑप्शन्स मेथडने, की बाबा अशी अशी रिक्वेस्ट येणार आहे, चालेल का. ती प्रीफ्लाइट. गेट, हेड आणि पोस्ट, आणि तेही साध्या हेडरसोबत असतील, तर विचारत नाही. पोस्टमध्ये कंटेंट-टाइप फॉर्मचे दोन जुने प्रकार किंवा साधं टेक्स्ट असेल तरच ती साधी धरली जाते, म्हणजे जेसन पाठवलं की प्रीफ्लाइट आलीच. पुट, पॅच, डिलीट असेल तरी आली. ऑथरायझेशन हेडर लावला तरी आली. थोडक्यात आजकालच्या बहुतेक एपीआय कॉलला ती असतेच.

आता गंमत अशी की या प्रीफ्लाइटमध्ये ब्राउजर कुकी पाठवत नाही, टोकन पाठवत नाही, फक्त कुठल्या मेथडने आणि कुठले हेडर घेऊन येणार हे सांगतो. आणि तुमच्या ॲपमध्ये लॉगिन तपासणारं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड) सगळ्यात पुढे बसलेलं असेल तर ते म्हणतं टोकन नाही, ४०१ (म्हणजे लॉगिन नाही). प्रीफ्लाइटला उत्तर २०० ते २९९ मधलंच लागतं, त्यामुळे ४०१ आला की खरी रिक्वेस्ट निघतच नाही. कन्सोलमध्ये मेसेज येतो 'डझ नॉट हॅव एचटीटीपी ओके स्टेटस', हे शब्द दिसले की थेट मिडलवेअरचा क्रम बघायला जा. उपाय एकच, कॉर्सचं मिडलवेअर ऑथच्या आधी लावा. एक्सप्रेसमध्ये ॲप-यूज-कॉर्स वर घ्या. स्प्रिंग सिक्युरिटी असेल तर सिक्युरिटीच्या कॉन्फिगमध्ये कॉर्स चालू करावा लागतो, नुसतं कंट्रोलरवर क्रॉस-ओरिजिन लिहून भागत नाही कारण सिक्युरिटीची चाळणी आधी लागते. जँगोमध्ये कॉर्स-हेडर्सचं मिडलवेअर कॉमन-मिडलवेअरच्या वर पाहिजे.

त्या जँगोच्या क्रमामागचं कारण पण समजून घ्या कारण ते सगळीकडे लागू पडतं. पत्त्याच्या शेवटी स्लॅश नसला तर जँगो तो लावून रिडायरेक्ट करतो, आणि ब्राउजर प्रीफ्लाइटवर रिडायरेक्ट चालवून घेत नाही. 'रिडायरेक्ट इज नॉट अलाऊड फॉर अ प्रीफ्लाइट रिक्वेस्ट' असा स्वच्छ मेसेज येतो. तो आला की दोन गोष्टी तपासा, शेवटचा स्लॅश आणि एचटीटीपीचं एचटीटीपीएस होतंय का. फ्रंटएंडमध्ये पत्ता अगदी शेवटच्या मुक्कामाचा लिहा, काम झालं.

'रिक्वेस्ट हेडर फील्ड अमुक इज नॉट अलाऊड' हा मेसेज तर उत्तर हातात देतो, ज्या हेडरचं नाव आलंय ते अलाऊ-हेडर्समध्ये टाका. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे स्टार टाकलात तरी नियमाप्रमाणे ऑथरायझेशन त्यात धरला जात नाही, त्याचं नाव वेगळं लिहावं लागतं.

प्रीफ्लाइट ब्राउजरशिवाय तपासता येते आणि मला हाच रस्ता आवडतो, कारण त्यात कॅशे मध्ये येत नाही. कर्लला डॅश आय द्या म्हणजे हेडर दिसतील, डॅश कॅपिटल एक्सने मेथड ऑप्शन्स करा, आणि डॅश कॅपिटल एचने तीन हेडर जोडा: ओरिजिनमध्ये तुमच्या फ्रंटएंडचा पत्ता, ॲक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-मेथडमध्ये पोस्ट किंवा जी मेथड असेल ती, आणि ॲक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-हेडर्समध्ये तुम्ही पाठवणार ती नावं. उत्तरात जे येतं तेच ब्राउजरला मिळतंय. ओरिजिन हेडर विसरू नका, बरेच सर्व्हर तो असला तरच कॉर्सचे हेडर लावतात, आणि तो न देता तपासलं की वाटतं कॉन्फिगच लागलं नाही.

कॅशेचं म्हणाल तर मॅक्स-एज (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं ते सांगणारा कॉर्सचा हेडर) नाही दिलं तर ब्राउजर प्रीफ्लाइटचं उत्तर ५ सेकंद लक्षात ठेवतो. दिलं तर क्रोम जास्तीत जास्त ७२०० सेकंद म्हणजे २ तास मानतो आणि फायरफॉक्स ८६४०० म्हणजे २४ तास. प्रोडक्शनला मोठं ठेवा, प्रत्येक कॉलमागे एक फेरी वाचते. पण दुरुस्ती चालू असताना काढून टाका किंवा नवीन प्रायव्हेट विंडोत बघा, नाहीतर सर्व्हर सुधारला तरी जुनंच दिसत राहतं.

कुकी सोबत जात असेल तर

इथे स्टार चालत नाही. फेचमध्ये क्रेडेन्शियल्स इनक्लूड केलं किंवा ॲक्सिओस या लायब्ररीमध्ये विथ-क्रेडेन्शियल्स ट्रू केलं की सर्व्हरने दोन गोष्टी करायच्या, अलाऊ-क्रेडेन्शियल्स ट्रू पाठवायचं आणि अलाऊ-ओरिजिनमध्ये पूर्ण ओरिजिन स्पष्ट लिहायचं. ते लिहिताना शेवटी स्लॅश लावू नका! ब्राउजर अक्षराला अक्षर जुळवतो आणि त्याच्या ओरिजिनमध्ये स्लॅश नसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ब्राउजरच्या पट्टीतून पत्ता कॉपी करून टाकला की स्लॅश हमखास चिकटून येतो.

ओरिजिन एकापेक्षा जास्त असतील तर स्वल्पविराम देऊन यादी लिहिता येत नाही, हेडरमध्ये एकच किंमत चालते. सर्व्हरवर यादी ठेवा, आलेला ओरिजिन यादीत आहे का बघा आणि असेल तर तोच परत पाठवा. सोबत व्हेरी: ओरिजिन हा हेडर पाठवा (उत्तर ओरिजिनप्रमाणे बदलतं हे कॅशेला सांगणारा), नाहीतर सीडीएन एका ओरिजिनसाठी दिलेलं उत्तर कॅशे करून दुसऱ्याला देईल आणि मग कधी चालतंय कधी नाही असा छळ सुरू होतो. आणि कृपा करून जो येईल तो ओरिजिन न तपासता परत पाठवू नका. क्रेडेन्शियल्स चालू असताना असं केलं तर जगातली कुठलीही साइट तुमच्या लॉगिन झालेल्या युजरचा डेटा वाचू शकते. शेवट जुळतो का एवढंच बघणारी तपासणी पण धोक्याची, कारण तुमच्या डोमेनच्या नावाआधी चार अक्षरं जोडून कोणीही नवीन डोमेन विकत घेऊ शकतो. पूर्ण ओरिजिन तंतोतंत जुळवा.

हेडर सगळे बरोबर आणि तरी कुकी जात नाही असं असेल तर ते कॉर्सचं दुखणं नाही, कुकीचं आहे. फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोम ८० पासून ज्या कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून कुकी जाऊ द्यायची का ते ठरवणारी सेटिंग) लिहिलेलं नाही ती लॅक्स धरली जाते आणि दुसऱ्या साइटवरून केलेल्या फेचसोबत जात नाही. त्यासाठी सेमसाइट नन आणि सिक्युअर दोन्ही लागतात. सफारी तर थर्ड पार्टी कुकी अडवतोच. सगळ्यात सोपा मार्ग, ॲप आणि एपीआय एकाच डोमेनच्या दोन सबडोमेनवर ठेवा. ओरिजिन वेगळे राहतात म्हणून कॉर्स लागतोच, पण साइट एक धरली जाते आणि कुकीचा सगळा त्रास मिटतो.

हेडर दोनदा लागला तर

'कंटेन्स मल्टिपल व्हॅल्यूज' असा मेसेज आला की समजा ॲपने पण हेडर लावलाय आणि एन्जिनएक्स किंवा गेटवेने पण. दोघांनी स्टारच लावला असला तरी स्टार कॉमा स्टार हे ब्राउजर मानत नाही. एका ठिकाणचा काढा. मी ॲपमधला ठेवतो कारण ओरिजिनची यादी तिथे कोडसोबत राहते, पण गेटवेवर ठेवला तरी हरकत नाही, मालक एकच पाहिजे.

जे उपाय करू नका

मोड नो-कॉर्स. एरर जातो खरा, पण उत्तर बंद पाकिटात मिळतं, स्टेटस ० आणि बॉडी रिकामी, तुमचा कोड त्यातलं काहीच वाचू शकत नाही. आगीतून फुफाट्यात.

ब्राउजरची वेब सिक्युरिटी बंद करणारा फ्लॅग किंवा हेडर चिकटवणारं एक्स्टेन्शन, हे फक्त तुमच्या मशीनवर चालतं, युजरकडे नाही, आणि त्याच ब्राउजरमध्ये तुम्ही मेल आणि बँक उघडता. कोणाचा तरी फुकटचा पब्लिक कॉर्स प्रॉक्सी तर अजिबात नको, तुमचे टोकन आणि युजरचा डेटा अनोळखी सर्व्हरमधून जातो.

डेव्हलपमेंटमध्ये त्रास नको असेल तर डेव्ह सर्व्हरचा प्रॉक्सी वापरा. व्हीट या फ्रंटएंडच्या बिल्ड टूलमध्ये सर्व्हर-प्रॉक्सीत एपीआयचा पाथ आणि खरा पत्ता लिहा, मग ब्राउजरसाठी सगळं एकाच ओरिजिनवर, सुंठीवाचून खोकला गेला. मात्र हा प्रॉक्सी बिल्ड झाल्यावर नसतो, त्यामुळे प्रोडक्शनला जायच्या आधी एकदा खऱ्या दोन डोमेनवर चालवून बघा.

एपीआय तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ते हेडर देत नसतील तर तुमच्या बॅकएंडवरून कॉल करा आणि उत्तर स्वतःच्या फ्रंटएंडला द्या. सर्व्हर ते सर्व्हर कॉर्स नसतो, आणि एपीआयची गुप्त की पण ब्राउजरमध्ये उघडी पडत नाही.

किरकोळ पण तासभर खाणाऱ्या गोष्टी: उत्तर येतंय पण त्यातला तुमचा खास हेडर जावास्क्रिप्टला नल दिसतोय, तर एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचं नाव लिहा, न सांगता फक्त कंटेंट-टाइपसारखे मोजके हेडरच वाचता येतात. ओरिजिन नल येतोय तर तुम्ही एचटीएमएल फाइल डबल क्लिक करून उघडलीय किंवा सँडबॉक्स आयफ्रेममध्ये आहात, छोटा लोकल सर्व्हर चालवा, नलला परवानगी देऊ नका. दुसऱ्या डोमेनवरून फॉन्ट घेताय तर त्यालाही कॉर्स लागतो. कॅन्व्हासवर बाहेरची इमेज काढून ती एक्स्पोर्ट करताना एरर येतोय तर इमेजला क्रॉसओरिजिन ॲट्रिब्यूट लावा आणि इमेजच्या सर्व्हरवर हेडर द्या, दोन्ही लागतात.

आणि बॅकएंड दुसऱ्या कोणाकडे असेल तर 'कॉर्स येतोय, बघ ना' एवढंच पाठवू नका, समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. मी असा मेसेज टाकतो: 'आमचा ओरिजिन लोकलहोस्ट ३०००, ऑर्डर्सच्या पत्त्यावर पोस्ट करतोय, सोबत ऑथरायझेशन आणि जेसन. ऑप्शन्सला ४०१ येतोय, अलाऊ-ओरिजिन हेडर उत्तरात नाही. कर्लने पण तेच दिसतंय, आउटपुट खाली देतोय. ऑथच्या आधी कॉर्स लावलाय का ते जरा बघशील?' याला उत्तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत येतं, 'लावलं, आता बघ'.